बांध कोणत्या बाजूने फोडला

"काकांचा कोणावरच विश्वास नव्हता. शेजारच्या पटेलांशी तर त्यांचे उघड वैर होते. त्या वैरापोटी त्यांनी एका सकाळी भरलेले शेत फोडले, पटेलांना पाण्याचा थेंब मिळू दिला नाही, आणि जनावरे विकून ते शहरात परतले. शेती आणि पशुपालन यांची सांगड घालणारा एक सुंदर प्रयोग एका संशयी स्वभावाने संपवला."

आमच्या जबलपूरच्या मराठी मंडळाच्या यंदाच्या स्मरणिकेत हा मजकूर छापून आला आहे. खाली इन्स्पेक्टरांच्या पुतण्याचे नाव आहे. पुतण्याला मराठी समजते, परंतु बोलताना तो तिसऱ्या शब्दाला हिंदीत उतरतो. 'वैरापोटी' हा शब्द त्याला कोणी पुरवला, याविषयी मला संशय आहे. तो आज बाजूला ठेवतो. यातले पहिले वाक्य खरे आहे. इतके खरे आहे की लेखकाला त्याची खोली उमगलेली नाही. उरलेली सगळी खोटी आहेत. गैरसमजातून आलेली, अपुऱ्या माहितीवर आधारलेली, असे सौम्य शब्द मी वापरणार नाही. खोटी आहेत.

इन्स्पेक्टर म्हणजे पोलिसांतले नव्हेत. ते इथल्या एका संरक्षण कारखान्याच्या तपासणी विभागात होते. तयार होऊन आलेला प्रत्येक सुटा भाग पोलादी कड्यातून घालून पाहायचा. नीट बसला तर पुढे धाडायचा, अडला किंवा घसरला तर त्यावर लाल खडूची फुली मारून बाजूला टाकायचा. उभी नोकरी त्यांनी हेच केले. निवृत्तीनंतर त्यांनी सिहोऱ्याच्या पुढे, हमरस्त्यापासून आत, थोडीशी काळी जमीन घेतली आणि तिथे राहायला जाताना लाल खडूचा डबा व तारेचे एक कडे बरोबर नेले.

"कडे कशाला?" मी विचारले.

"अंड्यांसाठी."

मला ती थट्टा वाटली. ती नव्हती. बदकांची अंडी ते त्या कड्यातून घालून पाहत. जे आरपार घसरे ते खाण्याला, जे अडे ते उबवण्याला. त्यांच्या बदकांचे वाण वर्षागणिक थोराड होत गेले, हे मी पाहिले आहे. पुतण्याने पाहिलेले नाही. तो रस्त्यापासून आत फारसा आलाच नाही.

मी रेल्वेत होतो, म्हणून ते मला 'रेल्वे' म्हणत. रविवारी मी फाट्यावर उतरून चालत गेलो की कुंपणाच्या आतून आवाज येई.

"काहून रेल्वे, लेट?"

"बसच लेट होती."

"बस तर रोजच लेट असते. माणसानं आधी निघावं. चलो, चुन्यात पाय द्या."

फाटकाशी चुन्याने भरलेले पसरट घमेले असे. चपला त्यात बुडवल्याशिवाय कोणालाही आत प्रवेश नव्हता. मला नाही, जनावरांच्या डॉक्टरला तर मुळीच नाही, कारण तो दहा गोठे तुडवून येतो असे त्यांचे म्हणणे. एकदा सत्यनारायणाला बोलावलेल्या गुरुजींनी चुन्यात पाय घालायला नकार दिला. पूजा फाटकाबाहेर झाली. तीर्थ घेण्यापूर्वी इन्स्पेक्टरांनी ते हुंगून पाहिले, हेही माझ्या डोळ्यांदेखत.

म्हैस घ्यायला गेले तेव्हा विकणाऱ्याच्या ओट्यावर ते एका सायंकाळच्या दोहनापासून दुसऱ्या सायंकाळच्या दोहनापर्यंत ठाण मांडून बसले. चहा घेतला नाही. आग्रहाने चहा पाजणारा काहीतरी लपवत असतो, हा त्यांचा सिद्धांत. म्हशीचे दात, खुर, कास, शेपटाखालची जागा, सगळे पाहून झाल्यावर त्यांनी तिला पाठमोरी चालवली, मग सामोरी, मग चढावर. शेवटी तो बिचारा हात जोडून म्हणाला, "बाबूजी, भैंस ले रहे हो कि बहू?"

"बहू होती तो इतना नहीं देखता," इन्स्पेक्टर म्हणाले, आणि पुन्हा खाली वाकले.

त्या म्हशीशी ते हिंदीत बोलत. मराठी तिला कळणार नाही, ती सिहोऱ्याची आहे, असे गंभीरपणे सांगत. बदकांशी मात्र मराठी, कारण ती त्यांनी स्वतः उबवलेली. शेळ्यांसाठी घुंगरू आणायला आम्ही कमानिया गेटजवळच्या एका दुकानात गेलो, तेव्हा त्यांनी प्रत्येक घुंगरू कानाशी नेऊन वाजवले. प्रत्येक शेळीचा आवाज निराळा हवा, म्हणजे कोण कुठे तोंड घालते ते पाठ वळवलेली असतानाही समजावे.

"अंकल, मंदिर में टांगना है क्या?" दुकानदार वैतागला.

"बकरी को."

"तो बकरी को ही ले आते. वही सुनकर पसंद कर लेती."

इन्स्पेक्टर हसले नाहीत. पुढचे घुंगरू वाजवले. "पास होईपर्यंत सगळं नापासच," असे ते नेहमी म्हणत, आणि हे माणसांना, बियाण्याला, औषधाला, मलाही सारखेच लागू होते. स्मरणिकेच्या लेखकाने संशय हा दोष म्हणून लिहिला. ते त्यांचे अवजार होते. सुताराने पटाशी हातात धरली म्हणून तो भांडखोर ठरत नाही.

'हवेली' म्हटले की बाहेरच्या वाचकाला वाडा आठवेल. आमच्या बाजूला हवेली ही शेतीची एक जुनी रीत आहे. काळ्या जमिनीला चहूकडून उंच बांध घालायचे, पावसाळाभर शेतात पाणी कोंडून ठेवायचे, तण त्या पाण्याखाली कुजू द्यायचे, आणि पेरणीच्या तोंडाला पाणी सोडून ओलीवर गहू-हरभरा पेरायचा. वरच्या शेताचे पाणी खालच्याला मिळते. कागद नसतो, करार नसतो. वरचा हाक मारतो, खालचा होकार देतो, मग बांधाचे तोंड उघडते. इन्स्पेक्टरांचे शेत वर होते. त्याच्या उत्तरेला, खाली, पटेलांचे. पश्चिमेला नाला, ज्यावर गावची सगळी गुरे पाणी पितात. दक्षिणेला इन्स्पेक्टरांचीच एक पट्टी, जनावरांच्या हिवाळी चाऱ्याची. बांधासाठी माती तिथूनच काढल्यामुळे खोलगट झालेली. हा भूगोल वाचकाने कृपया लक्षात ठेवावा.

पावसाळाभर रिकाम्या पडून राहणाऱ्या त्या पाण्यात इन्स्पेक्टरांनी मासे सोडले, वर बदके सोडली. पटेल बांधावर उभे राहून हसले होते.

"साहब, खेत में पानी रोके हो कि तालाब खोले हो?"

पेरणीपूर्वी मासे निघाले. बदकांनी किडे-गोगलगाई वेचून जमीन निवळ केली. गव्हाचा भुसा म्हशीला, म्हशीचे शेण पाण्यात माशांसाठी, पाणी सुटल्यावर तळाचा गाळ गव्हाला. एक पीक बुडाले तरी दुसऱ्याने घर चालत होते. अंडी आठवड्याच्या बाजाराला, दूध रोज, आणि ताटातले बहुतेक सगळे त्याच बांधांच्या आतले. पुढल्या वर्षी पटेलांनी हसणे थांबवून आपल्याही शेतात माशांची पिल्ले सोडली. जमीन लहान, दोन म्हशींचे दूध सिहोऱ्याला घालून चालणारा त्यांचा संसार. त्यांना ही जोड फार मोलाची झाली. वैर असलेल्या माणसाकडून कोणी माशांची पिल्ले मागून नेत नाही. पटेलांनी ती इन्स्पेक्टरांकडूनच नेली होती, आणि नेताना चुन्यात पायही दिले होते.

त्याच सुमारास सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी कार्यालयात या विषयावर शेतकऱ्यांसाठी व्याख्यान होते. आम्ही दोघे गेलो. तरुण अधिकाऱ्याने पडद्यावर एक वर्तुळ दाखवले: शेत, जनावर, तळे, पुन्हा शेत, मध्ये बाण. सगळ्यांनी माना डोलावल्या. इन्स्पेक्टर उभे राहिले.

"साहब, इन तीरों पर पहरा कौन देता है?"

"जी?"

"तीर पर लिखा है गोबर. ठीक है. लेकिन कुछ खराब हो गया तो वो भी इसी रास्ते से जाएगा न? एक जगह की सड़न पूरे चक्कर में घूमेगी."

सभागृह हसले. अधिकारी हसले नाहीत. त्यांनी ते लिहून घेतले. हेही सांगून ठेवतो.

आता त्या सकाळकडे येतो.

त्या वर्षी पाऊस लवकर आटोपला. पटेलांचे शेत अर्धेच भरले होते आणि पेरणीला त्यांना वरच्या पाण्याची गरज होती. ते हाकेची वाट पाहत होते. अशात इन्स्पेक्टरांचे मासे पहाटे वर येऊन तोंडे उघडू लागले. मग बदकांनी माना टाकल्या. बदकाची मान ही उभी राहण्यासाठीच असते. इथे ती दोरीसारखी पाण्यावर पडली होती. इन्स्पेक्टरांनी सगळ्यांवर संशय घेतला. पटेलांवरही घेतला, मी लपवत नाही. बांधावरून त्यांनी विचारले,

"पटेल, पानी में कल कुछ डाला क्या?"

"हम अपने खेत में कुछ नहीं डालते, आपके में काहे डालेंगे?"

"पूछ रहा हूँ. बोल नहीं रहा."

"पूछना भी बोलना ही होता है, साहब," पटेल म्हणाले, आणि पाठ फिरवून गेले.

लोकांनी ऐकले ते एवढेच. त्यानंतर माझी पाळी आली, ती कोणी ऐकली नाही.

"रेल्वे, मागच्या रविवारी तुम्ही टाच बुडवली होती का चुन्यात? तुम्ही नुसता पंजा बुडवता."

"म्हणजे माझ्या टाचेने तुमची बदके मेली?"

"मेली असं नाही म्हणून राहिलो. तपासून राहिलो."

मी चिडलो, तरी पुढले दोन दिवस तिथेच राहिलो, कारण त्यांचा तपास मला ठाऊक होता. त्यात मध्येच सोडून जाणारा आपोआप नापास ठरतो. त्यांनी धडधाकट बदके वेगळी काढली. काहींना नेहमीचे दाणे पण विहिरीचे पाणी; काहींना नवे दाणे पण शेतातले पाणी. विहिरीच्या पाण्यावरची तरतरीत राहिली. शेतातल्या पाण्यावरच्यांनी माना टाकल्या. दाण्यावाला सुटला, पटेल सुटले, माझी टाच सुटली. उरले पाणी. मग त्या पाण्यात येणारी प्रत्येक वाट ते उकिडवे बसून हुंगत गेले, आणि गोठ्यापाशी थांबले. तिथून शेण धुऊन शेतात नेणारी मोरी त्यांनी स्वतः बांधली होती. खिशातून लाल खडू निघाला. गोठ्याच्या भिंतीवर, मोरीच्या तोंडाशी, त्यांनी फुली मारली.

"रेल्वे, पाणी निम्मं झालं, अन् शेण तेवढंच जाऊन राहिलं. सडलं सगळं. मी दुनियेवर पहारा ठेवला, माझ्या मोरीवर नाही ठेवला."

ही चूक हवेलीत जनावरे जोडणाऱ्याचीच होऊ शकते. नुसत्या हवेलीवाल्याकडे शेण पाण्यात जात नाही, नुसत्या तळेवाल्याचे पाणी असे आटून पेरणीला सुटत नाही. इतक्यात खालून पटेलांची हाक आली. राग गिळून आलेली हाक होती.

"साहब, पानी कब छोड़ रहे हो? जमीन सूख रही है!"

इन्स्पेक्टर खडू खिशात टाकून उठले. माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "हे पाणी त्याच्याकडे नाही जाऊ द्यायचं. त्याच्या म्हशी त्याच पाण्यात बसतात, तेच पितात. त्याचे मासेही आहेत त्यात."

"मग सांगा ना त्याला."

"काय सांगू? आज सांगितलं की उद्या सिहोऱ्यात बोभाटा, पटेलच्या म्हशीनं सडकं पाणी पिलं. पिलं नाही, हे कोण ऐकते? दूध कोण घेईल त्याचं?"

"तो तुम्हाला शत्रू समजेल."

"समजू दे. दूध तर विकलं जाईल. अन् रेल्वे, तुम्हीही तोंड उघडायचं नाही."

"किती दिवस?"

"मी आहे तोवर."

त्यांनी प्रथम उत्तरेचे, पटेलांकडचे तोंड ओल्या मातीने थापून घट्ट बंद केले. पटेल खालून पाहत होते. मग फावडे उचलून इन्स्पेक्टर बांधावरून चालू लागले. मी मागे होतो. त्यांनी बांध फोडला. कोणत्या बाजूने फोडला, ते मी शेवटी सांगणार आहे, कारण वाद तिथेच संपतो.

पटेलांनी त्या वर्षी विहिरीवरच्या मोटारीने जमीन भिजवून पेरले. त्यांच्या म्हशी धडधाकट राहिल्या, दूध एक दिवसही परत आले नाही. दोन्ही घरांतले बोलणे मात्र थांबले. हिवाळ्यात इन्स्पेक्टरांनी म्हैस आणि शेळ्या विकल्या. विकताना त्यांनी घेणाऱ्याला चहा दिला नाही, आणि म्हशीच्या कानाशी वाकून हिंदीत बराच वेळ काही सांगत होते. ती गेल्यावर ते शहरात मुक्कामाला आले. गेल्या थंडीत वारले. मी शब्द पाळला.

आता शब्द संपला आहे, आणि गप्प राहण्याचे कारणही. उलट आता गप्प राहिलो तर पटेलांचेच नुकसान आहे: त्यांनी पुतण्याकडे माणूस पाठवून ती जमीन बटईने, पिकाच्या निम्म्या वाट्यावर, मागितली. मनात कढ होता, तरी मागितली. शेजारची जमीन ओसाड पाहवत नाही आणि तशी जोडशेती त्यांना येते. पुतण्याने नकार दिला. काकांचे त्यांच्याशी वैर होते, तेव्हा त्यांनाच जमीन देणे म्हणजे काकांच्या आत्म्याला त्रास, असे त्याने कळवले. इतकी भावना! मधल्या काळात जमिनीची मोजणी होऊन गेली आहे, आणि प्लॉट पाडणारे एक गृहस्थ मंडळाच्या कार्यक्रमाला पहिल्या रांगेत बसले होते. दोन गोष्टींचा संबंध वाचकाने जोडावा. मी जोडलेला आहे.

त्या कार्यक्रमानंतर, खव्याच्या जिलबीच्या ताटलीशी, मी पुतण्याला गाठले.

"काका, तुम्ही काहून जुनं उकरून राहिले?" तो म्हणाला. "जमीन माझी आहे. बेचूं, रखूं, मेरी मर्जी."

"जमीन तुझी आहे. वैर तुझे नाही. ते तू जमीन विकण्यासाठी उसने आणले आहेस."

"वैर नव्हतं तर पानी क्यों काटा?"

मी त्याला मोरीचे, पाण्याचे, म्हशींचे सगळे सांगितले. त्याने जिलबी संपवली.

"हे तुमच्याशिवाय किसने देखा?"

"मी पाहिले."

"तुम्ही त्यांचे दोस्त. दोस्त तो अच्छा ही बोलेगा ना."

पटेलांकडेही मी गेलो. ते खाटेवरून उठले, पाणी दिले, आदर सोडला नाही. सगळे ऐकून घेतल्यावर म्हणाले, "बड़े बाबू, आप झूठ काहे बोलोगे. पर हमने तो अपनी आँख से देखा न, साहब अपने हाथ से मिट्टी थाप रहे थे, हमारी तरफ़ मुँह करके. उसके बाद हमने उस मेड़ पर पाँव नहीं रखा."

दोघांनी माझी साक्ष नाकारली, एकाने स्वार्थाने आणि एकाने दुःखाने. मला राग आला, परंतु हरकत मान्य आहे. इन्स्पेक्टरांनीही ती घेतली असती. मित्राची साक्ष कड्यात अडते, बाजूला टाकावी. तेव्हा माझा शब्द सोडून द्या, गोठ्यावरची फुलीही सोडा, ती मीच मारली असे कोणी म्हणेल. जी गोष्ट माझ्या सांगण्यावर अवलंबून नाही तेवढीच घ्या.

फोडलेला बांध नंतर कोणी बुजवला नाही. मोजणीला आलेली माणसे त्यात उतरून पलीकडे चढली. पुतण्याने त्यांनाच विचारावे. पटेलांनी एकदा पाऊल उचलून तो बांध चढावा. पाणी पटेलांना मिळू नये एवढाच हेतू असता, तर ते पश्चिमेच्या नाल्यात सोडून देणे सर्वांत सोपे होते. पण तिथे गावची गुरे पितात. आणि हिवाळ्यात म्हैस-शेळ्या का विकाव्या लागल्या, हा प्रश्न स्मरणिकेच्या लेखकाला पडलाच नाही. त्यांना घालायला चारा उरला नव्हता. त्यांच्याच पट्टीत नुकता पेरलेला बरसीमचा चारा ते सडके पाणी अंगावर घेऊन कुजून गेला होता.

पटेलांचे शेत उत्तरेला आहे. बांध दक्षिणेला फुटलेला आहे.